पोस्टग्रेसची कनेक्शन्स आणि मेमरी: पहिल्यांदाच सर्व्हर गळ्यात पडलेल्यांसाठी

सकाळचे सहा चाळीस. एका दूध संस्थेच्या सचिवांचा फोन: “मॅडम, पावतीच निघंना की. दारात लाइन लागलीया.” लॅपटॉप उघडेपर्यंत आणखी चार केंद्रांचे फोन येऊन गेले. लॉगमध्ये दोनच ओळी आलटून पालटून येत होत्या. एक, ‘रिमेनिंग कनेक्शन स्लॉट्स आर रिझर्व्ह्ड’. दुसरी, ‘सॉरी, टू मेनी क्लाएंट्स ऑलरेडी’.

दूध संकलनाच्या सॉफ्टवेअरचा डेटाबेस दिवसातून दोनदा मार खातो. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी तितकाच वेळ सगळी केंद्रं एकदम जागी होतात. फॅट, एसएनएफ, लिटर, दर, पावती. मधल्या वेळात सर्व्हर माश्या मारतो. शिवाय दर दहा दिवसांनी बिल. त्या सकाळी मी तेच केलं जे बहुतेक सगळे पहिल्यांदा करतात: मॅक्स_कनेक्शन्स (एका वेळी किती कनेक्शन्स चालतील तो आकडा) १०० वरून ५०० केलं, सर्व्हर रीस्टार्ट केला, फोन थांबले. ऑफिसात शाबासकीही मिळाली. पाच दिवसांनी, बिलाच्या दिवशी, अख्खा डेटाबेस पडला. एकाच सकाळी दोनदा.

कनेक्शनचा आकडा आणि मेमरीचा आकडा एकाच पिशवीतून खर्च होतात, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला सांगते. उदाहरण सगळं पोस्टग्रेस या डेटाबेसचं आहे, लिनक्स सर्व्हरवरचं. सेटिंगची आणि कमांडची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत, मधल्या अंडरस्कोरसकट.

## आधी हाताशी काय काय हवं

- पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसला कमांड द्यायची खिडकी) सुपरयूझरचं लॉगिन, तेही सर्व्हरवरूनच. अ‍ॅपच्या लॉगिनने ऐन गर्दीत आत शिरता येणार नाही.
- सर्व्हरचं एसएसएच आणि सूडो.
- कॉन्फिग फाइलचा पत्ता. अंदाज नको, ‘शो कॉन्फिग_फाइल;’ विचारा. मी एकदा तासभर दुसऱ्याच व्हर्जनची फाइल बदलत बसले होते.
- पोस्टग्रेसचं व्हर्जन, रॅम किती, कोअर किती.
- अ‍ॅप किती सर्व्हरवर चालतं, प्रत्येकावर किती वर्कर प्रोसेस आहेत आणि कनेक्शन पूलची (उघडून ठेवलेल्या, पुन्हा पुन्हा वापरायच्या कनेक्शन्सचा साठा) सेटिंग काय. हे डेव्हलपरकडून लेखी घ्या. तोंडी उत्तर हमखास ‘डिफॉल्टच असेल’ असं येतं.
- साधी वही. बदल, तारीख, जुना आकडा, नवा आकडा.

## १. एक कनेक्शन म्हणजे एक प्रोसेस, हे डोळ्यांनी पाहा

मायएसक्यूएलमधून आलेल्यांचा इथे पहिला गोंधळ होतो. तिथे साधारणपणे एका कनेक्शनला एक थ्रेड मिळतो. पोस्टग्रेसमध्ये मुख्य प्रोसेस (जुनी माणसं तिला पोस्टमास्टर म्हणतात) प्रत्येक नव्या कनेक्शनसाठी एक अख्खी वेगळी प्रोसेस जन्माला घालते. तिला बॅकएंड म्हणतात. क्लाएंट गेला की बॅकएंड मरतो.

सर्व्हरवर ‘पीएस’ चालवून ‘पोस्टग्रेस’ या शब्दाने गाळा. प्रत्येक ओळीत यूझर, डेटाबेस, कुठल्या आयपीवरून आला आणि आत्ता काय चाललंय हे सगळं दिसतं. शेवटचे शब्द नीट वाचा: ‘आयडल’, ‘सिलेक्ट’, ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’. या शेवटच्याकडे पाचव्या पायरीत येते, सगळी गोम तिथेच आहे.

रिकामा बसलेला बॅकएंडही फुकट नसतो. तो काही एमबी खातो, आणि जितक्या जास्त टेबलांना हात लावेल तितकी त्याची स्वतःची माहितीवही फुगत जाते. ती वही कनेक्शन बंद होईपर्यंत तशीच राहते.

## २. सामाईक काय, खासगी काय

घरातला पाण्याचा हौद आणि प्रत्येकाचा तांब्या, एवढं लक्षात ठेवा. हौद सर्व्हर सुरू होतानाच एकदा भरून घेतला जातो आणि सगळे बॅकएंड त्याच हौदात बघतात. ही शेअर्ड मेमरी. त्यात सगळ्यात मोठा हिस्सा शेअर्ड_बफर्सचा, म्हणजे डिस्कवरून आणलेली ८ केबीची पानं. त्याशिवाय वॉलचे (प्रत्येक बदल आधी जिथे नोंदला जातो तो लॉग) बफर, लॉकची नोंदवही आणि कोण कोण जोडलेलं आहे याची यादी. तांब्या म्हणजे वर्क_मेम: सॉर्टिंग, हॅशिंग करताना प्रत्येक बॅकएंड स्वतःपुरता उचलतो.

इथे तीन फसवणुकी आहेत.

पहिली: जुने लेख वाचून कर्नलमधलं ‘शममॅक्स’ वाढवत बसू नका. २०१३ साली आलेल्या ९.३ व्हर्जनपासून पोस्टग्रेस शेअर्ड मेमरीचा मुख्य भाग वेगळ्या पद्धतीने घेतं. जुन्या पद्धतीचा एक अगदी छोटा तुकडा उरला आहे, तोही एकाच डेटा फोल्डरवर दोन सर्व्हर चालू नयेत म्हणून.

दुसरी: ‘टॉप’मधला ‘रेस’ रकाना. प्रत्येक बॅकएंडसमोर २ जीबी, ३ जीबी असे आकडे दिसतात आणि छातीत धस्स होतं. त्या आकड्यात हौदाचं पाणीही धरलेलं असतं, प्रत्येकाच्या नावावर पुन्हा पुन्हा. त्यांची बेरीज करू नका. खरा हिस्सा हवा असेल तर त्या प्रोसेसच्या ‘एसमॅप्स’ फाइलमध्ये ‘पीएसएस’ पाहा.

तिसरी मला सगळ्यात महाग पडली. ‘आउट ऑफ शेअर्ड मेमरी’ अशी एरर आली तर रॅम संपली असं समजू नका, आणि शेअर्ड_बफर्स तर मुळीच वाढवू नका. बहुतेक वेळा लॉकची नोंदवही भरलेली असते, एररखालची सूचनाही तेच सांगत असते. नोंदवहीत जागा किती? मॅक्स_लॉक्स_पर_ट्रान्झॅक्शन गुणिले कनेक्शन्स, म्हणजे डिफॉल्टने ६४ गुणिले १००, सुमारे ६,४००. आमचं संकलनाचं टेबल रोजच्या पार्टिशनमध्ये तोडलेलं होतं. पाच वर्षांची १,८२५ पार्टिशन्स, प्रत्येकावर दोन इंडेक्स. तारखेची अट न घालता कुणी क्वेरी टाकली की ५,४७५ लॉक्स. एक माणूस चालवतो तेव्हा सगळं ठीक, दोघांनी एकदम चालवलं की एरर. डेव्हलपर म्हणायचे, “माझ्या मशीनवर चालतंय.” चालणारच, तिथे तो एकटाच होता. आम्ही पार्टिशन महिन्याची केली आणि त्या रिपोर्टला तारीख सक्तीची केली.

## ३. हौद किती मोठा?

शेअर्ड_बफर्सचं डिफॉल्ट १२८ एमबी आहे. ते सर्व्हर कुठल्याही खेळण्यातल्या मशीनवर सुरू व्हावा म्हणून आहे, तुमच्यासाठी नाही. मशीनवर फक्त डेटाबेसच असेल तर रॅमच्या २५ टक्क्यांपासून सुरुवात करा. ४० टक्क्यांच्या वर गेल्याने सहसा काही हाती लागत नाही, कारण पोस्टग्रेस ऑपरेटिंग सिस्टिमच्या फाइल कॅशवरही विसंबून असतं आणि तिला जागा उरायला हवी. आमच्या १६ जीबीच्या मशीनवर ४ जीबी.

इफेक्टिव्ह_कॅश_साइझ नावाचं आणखी एक सेटिंग शेजारीच दिसेल. ते एक बाइटही घेत नाही. क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या प्लॅनरला ‘साधारण इतकं कॅशमध्ये असेल’ असा अंदाज देतं, बस.

डॉकरमध्ये चालवत असाल तर एक इशारा. कंटेनरला ‘डेव्ह-शम’ फक्त ६४ एमबी मिळतं. पॅरलल क्वेरीचे वर्कर एकमेकांशी बोलायला नेमकी तीच जागा वापरतात. मग ‘कुड नॉट रीसाइझ शेअर्ड मेमरी सेगमेंट’, पुढे ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ अशी एरर येते आणि माणूस डिस्क साफ करत सुटतो. डिस्कचा काही संबंध नाही. कंटेनर सुरू करताना ‘शम-साइझ’ वाढवून द्या.

## ४. वर्क_मेमचा गुणाकार कागदावर करा

बिलाच्या दिवशी डेटाबेस का पडला, त्याचा हा हिशेब. सावकाश वाचा.

वर्क_मेमचं डिफॉल्ट ४ एमबी. आमचं दहा दिवसांचं बिल हळू चालायचं, कारण सॉर्टिंग तेवढ्यात मावत नव्हतं आणि डिस्कवर सांडत होतं. ‘एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ’मध्ये ‘एक्स्टर्नल मर्ज’ आणि पुढे ‘डिस्क’ असं दिसलं की समजायचं, तांब्या लहान पडला. कुणीतरी, म्हणजे मीच, काही महिन्यांपूर्वी कॉन्फिग फाइलमध्ये वर्क_मेम ६४ एमबी करून ठेवलं होतं. बिल पळायला लागलं. कुणाची तक्रार नाही.

गोम अशी की वर्क_मेम हा कनेक्शनमागचा आकडा नाहीच. क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्टला, प्रत्येक हॅशला तो वेगळा मिळतो. वर व्हर्जन १५ पासून हॅशला दुप्पट जागा घ्यायची डिफॉल्ट मुभा आहे. बिलाच्या क्वेरीत एक सॉर्ट आणि दोन हॅश होते. म्हणजे ६४, अधिक १२८, अधिक १२८: एका बिलाला जास्तीत जास्त ३२० एमबी. ४० केंद्रांनी एकदम ‘बिल काढा’ दाबलं की १२,८०० एमबी. त्यात हौदाचे ४ जीबी मिळवा. मशीन १६ जीबीचं.

आधी हे का झालं नव्हतं? कारण आधी १०० कनेक्शनच्या दारावरच गर्दी अडकायची. ते दार ५०० चं मीच केलं होतं.

मेमरी संपल्यावर लिनक्सचा ओओएम किलर येतो आणि एक बॅकएंड उचलून मारतो. वाटेल, एकच गेला, बाकीचे तर आहेत. पण बॅकएंड असा अचानक मेला की शेअर्ड मेमरीत तो काय अर्धवट लिहून गेला याची खात्री मुख्य प्रोसेसला देता येत नाही. म्हणून ती सगळ्याच बॅकएंडना हाकलते, हौद रिकामा करून नव्याने घेते आणि वॉलवरून रिकव्हरी करते. तोवर येणाऱ्याला ‘डेटाबेस सिस्टिम इज इन रिकव्हरी मोड’ एवढंच ऐकू येतं. मग दार उघडतं, सगळी केंद्रं एकदम आत घुसतात, ज्यांचं बिल अर्धवट राहिलं ते पुन्हा बटण दाबतात. म्हणून दोनदा. ‘डीमेसेज’मध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, ‘किल्ड प्रोसेस’ची ओळ सापडली तेव्हा कुठे मला कळलं.

तर करायचं काय: सगळ्यांसाठी वर्क_मेम लहान ठेवा (आमच्याकडे ८ एमबी) आणि जड रिपोर्टचं वेगळं लॉगिन करून फक्त त्याला मोठं द्या. ‘ऑल्टर रोल’ने त्या रोलपुरतं (पोस्टग्रेसमध्ये लॉगिनला रोल म्हणतात) वर्क_मेम ६४ एमबी, आणि त्याच रोलला ‘कनेक्शन लिमिट ४’. मग गुणाकार ४ गुणिले ३२० वर थांबतो. बिलं रांगेत निघतात, पण निघतात.

मेंटेनन्स_वर्क_मेम विसरू नका. टेबलांतल्या मेलेल्या ओळी आपोआप साफ करणाऱ्या ऑटोव्हॅक्यूमचे डिफॉल्ट तीन वर्कर असतात आणि प्रत्येकाला तितकी जागा लागू शकते. पॅरलल क्वेरीचा प्रत्येक वर्करही आपला तांब्या वेगळा आणतो.

## ५. कनेक्शन धरून कोण बसलंय?

आता मुळात त्या पहिल्या सकाळी १०० कनेक्शन्स का भरली, याकडे या. हे मी पाचव्या नंबरवर लिहिलंय, पण गर्दीच्या वेळी तुम्ही इथूनच सुरुवात करा.

सिलेक्ट स्टेट, काउंट(*) फ्रॉम पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी ग्रुप बाय स्टेट;

माझ्याकडे आलेलं उत्तर असं होतं: अ‍ॅक्टिव्ह ६, आयडल ८, आयडल इन ट्रान्झॅक्शन ८३. शंभर कनेक्शन्सच्या डेटाबेसमध्ये काम करणारे फक्त सहा. सीपीयू गार पडलेला. याला कनेक्शनची कमतरता म्हणत नाहीत. रिक्षा स्टँडवर मीटर चालू ठेवून झोपलेल्या रिक्षा होत्या त्या.

‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ म्हणजे अ‍ॅपने ‘बिगिन’ म्हटलं, एखादी क्वेरी केली, आणि ‘कमिट’ न करता दुसरीकडेच कुठे गेलं. कुठे गेलं हे शोधायला त्याच व्ह्यूमध्ये ‘क्वेरी’ हा रकाना पाहा. त्यात शेवटची क्वेरी असते. ‘झॅक्ट_स्टार्ट’वरून व्यवहार (ट्रान्झॅक्शन) कधी सुरू झाला ते कळतं, ‘स्टेट_चेंज’वरून गप्प बसून किती वेळ झाला ते. माझ्या ८३ ओळींत एकच क्वेरी होती: संकलनाची नोंद इन्सर्ट. कोड उघडला. इन्सर्ट, मग शेतकऱ्याला एसएमएस, मग कमिट. एसएमएसवाल्यांचा सर्व्हर त्या सकाळी प्रत्येक मेसेजला वीस-वीस सेकंद घेत होता आणि तेवढा वेळ आमचं कनेक्शन हातात धरून उभं होतं.

दोन ओळींची अदलाबदल. कमिट आधी, एसएमएस नंतर, तोही वेगळ्या टेबलात नोंद करून मागच्या दाराने. ८३ चे ३ झाले. मॅक्स_कनेक्शन्सला हात लावायची गरज कधी नव्हतीच.

व्यवहार उघडा असताना बाहेरचं काहीही बोलवू नका: एसएमएस, ईमेल, पेमेंट, फाइल अपलोड. असा लोंबकळलेला व्यवहार व्हॅक्यूमलाही अडवतो, मेलेल्या ओळी साफ होत नाहीत आणि टेबल फुगत जातं. ते दुखणं महिन्यांनी वर येतं, तेव्हा कारण कुणाला आठवत नाही.

अ‍ॅप्लिकेशन_नेम प्रत्येक अ‍ॅपने कनेक्शन जोडताना द्यायची सक्ती करा. ‘पावती’, ‘बिल’, ‘एसएमएस’ अशी नावं ‘पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी’मध्ये दिसली की अर्धा तास वाचतो.

## ६. अ‍ॅपच्या पूलची बेरीज

फ्रेमवर्कमधला पूल प्रत्येक प्रोसेसचा वेगळा असतो. एसक्यूएलअल्केमीचं डिफॉल्ट आहे पूल ५ आणि वर १० ज्यादा, म्हणजे एका प्रोसेसला १५. आमचे दोन अ‍ॅप सर्व्हर, प्रत्येकावर चार वर्कर. आठ पंधरे एकशे वीस. पोस्टग्रेसमध्ये १००, त्यातली ३ सुपरयूझरसाठी राखीव, म्हणून साध्या यूझरना ९७. कागदावर केलं असतं तर पहिल्या दिवशीच दिसलं असतं. जावाच्या हिकारीसीपीत डिफॉल्ट कमाल १० असतं. जँगो ठेवलं तसं ठेवलं तर प्रत्येक रिक्वेस्टला कनेक्शन जोडतं आणि तोडतं. तुमचं काय आहे ते बघा.

किती कनेक्शन्स खरंच लागतात? सुरुवातीला धरायचा एक जुना ठोकताळा आहे: कोअर गुणिले दोन, अधिक डिस्कची संख्या. आमच्या चार कोअरला नऊ येतात. नवख्यांना हा आकडा थट्टा वाटतो. पण चार कोअर एका वेळी चारच कामं करतात. बाकीचे एकमेकांना कोपर मारत उभे राहतात.

एक सापळा वेगळा सांगते, कारण त्याची एरर कुठल्या कुठे नेते. वर्कर प्रोसेस फोर्क होण्याआधीच, म्हणजे मूळ प्रोसेसमधून फुटून वेगळ्या होण्याआधीच, अ‍ॅपने कनेक्शन उघडलं असेल, तर एकच सॉकेट दोन वर्करच्या हाती जातं. मग ‘एसएसएल एरर, बॅड रेकॉर्ड मॅक’ असलं काहीतरी मधूनच येतं, आणि सगळे सर्टिफिकेट तपासत बसतात. फोर्कनंतर प्रत्येक वर्करमध्ये पूल नव्याने तयार करा.

## ७. मधे पीजीबाउन्सर बसवा

केंद्रं शेकड्यांनी आणि बॅकएंड दहा-बारा, हे जमवायला मधे एक दारवान लागतो. पीजीबाउन्सर हलकं आहे, एका क्लाएंट कनेक्शनमागे साधारण २ केबी घेतं. ते ६४३२ पोर्टवर ऐकतं. अ‍ॅपला ५४३२ ऐवजी तिकडे वळवायचं.

पूल_मोड तीन आहेत. ‘सेशन’मध्ये क्लाएंट जाईपर्यंत बॅकएंड त्याचाच, म्हणजे फायदा थोडा. ‘ट्रान्झॅक्शन’मध्ये कमिट झालं की बॅकएंड पुढच्याला. ‘स्टेटमेंट’ तुम्हाला नको. आपल्याला हवा तो ट्रान्झॅक्शन, पण त्याची किंमत आहे. पुढच्या व्यवहाराला भलताच बॅकएंड मिळू शकतो, म्हणून सेशनभर टिकेल असं गृहीत धरलेलं सगळं मोडतं: साधं ‘सेट’ (‘सेट लोकल’ वापरा), तात्पुरती टेबलं, ‘लिसन’, सेशनवाले अ‍ॅडव्हायझरी लॉक्स. प्रिपेअर्ड स्टेटमेंट्सही मोडायची. २०२३ च्या १.२१ व्हर्जनपासून मॅक्स_प्रिपेअर्ड_स्टेटमेंट्स देऊन ती चालवता येतात. कोडमध्ये हे शब्द शोधा, मगच लाइव्ह जा.

डिफॉल्ट_पूल_साइझ २० हा आकडा एकूण नाही, हेही आधी माहीत असू द्या. तो यूझर आणि डेटाबेसच्या प्रत्येक जोडीमागे आहे. तीन रोल असतील तर साठ. आणि रिपोर्टच्या रोलवर आपण चौथ्या पायरीत ४ ची मर्यादा घातली आहे. पीजीबाउन्सरला ते माहीत नसतं, तो पाचवं कनेक्शन मागायला जातो आणि एरर घेऊन येतो. कॉन्फिगमध्ये बिलासाठी वेगळी डेटाबेस ओळ करा आणि तिथे पूल_साइझ ४ लिहा. मॅक्स_क्लाएंट_कॉनचं डिफॉल्टही १०० च आहे. ते वाढवायला विसरलात तर तीच जुनी रडकथा नव्या दारावर सुरू होते.

मायग्रेशन आणि पीजी_डंप थेट ५४३२ वरूनच चालवा.

## ८. दारावर घड्याळ लावा

कोड सुधारला तरी उद्या नवा मुलगा येतो आणि पुन्हा व्यवहारात एसएमएस टाकतो. म्हणून सर्व्हरवरच वेळेचे पहारे हवेत. आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट आम्ही ३० सेकंद ठेवलाय. स्टेटमेंट_टाइमआउट पावतीच्या रोलला १० सेकंद, बिलाच्या रोलला ५ मिनिटं. कॉन्फिगमध्ये सगळ्यांना एकच लावू नका, बिलासारखी लांब क्वेरी मधेच तुटेल. व्हर्जन १४ पासून नुसत्या रिकाम्या सेशनलाही टाइमआउट देता येतो, पण मधे पूल असेल तर त्याच्या नादी लागू नका. पूलला कळायच्या आधी कनेक्शन मरतं आणि चूक शोधायला तुम्ही बसता.

## ९. बदलताना आणि अडकल्यावर

शेअर्ड_बफर्स आणि मॅक्स_कनेक्शन्स रीस्टार्टशिवाय लागू होत नाहीत. वर्क_मेम आणि टाइमआउटला रीलोड पुरतं. ‘पीजी_सेटिंग्ज’मधला ‘पेंडिंग_रीस्टार्ट’ रकाना पाहिला की काय राहिलंय ते कळतं.

‘ऑल्टर सिस्टिम’ने केलेले बदल वेगळ्या ‘ऑटो’ फाइलमध्ये जातात आणि तीच फाइल जिंकते. तुम्ही मुख्य फाइल कितीही बदला, आकडा हलत नसेल तर तिथे पाहा. हौद रॅमपेक्षा मोठा लिहिला आणि सर्व्हर उठेचना, तर तीच फाइल हाताने सुधारावी लागते.

स्टँडबाय (मुख्य सर्व्हरची, म्हणजे प्रायमरीची, चालू नक्कल) सर्व्हर असेल तर मॅक्स_कनेक्शन्स तिथे प्रायमरीइतकं किंवा जास्त हवं. वाढवताना आधी स्टँडबाय, मग प्रायमरी. कमी करताना उलट.

एखादा बॅकएंड अडकला तर आधी पीजी_कॅन्सल_बॅकएंड, त्याने क्वेरी थांबते. ऐकलं नाही तर पीजी_टर्मिनेट_बॅकएंड, त्याने कनेक्शन जातं. ‘किल -९’ कधीही नाही. चौथ्या पायरीत ओओएम किलरने जे केलं, तेच तुम्ही स्वतःच्या हाताने कराल: सगळ्यांची कनेक्शन्स तुटतील, रिकव्हरी सुरू होईल.

## १०. बेरीज मांडा, मग एक बिल जाऊ द्या

आमचा शेवटचा कागद असा: हौद ४,०९६ एमबी. बिलाची चार कनेक्शन्स गुणिले ३२०, म्हणजे १,२८०. पावतीची बारा, प्रत्येकी फार तर ४०, म्हणजे ४८०. ऑटोव्हॅक्यूम तीन गुणिले २५६, म्हणजे ७६८. एकूण ६,६२४ एमबी. बाकीची रॅम ऑपरेटिंग सिस्टिमला, फाइल कॅशला. मॅक्स_कनेक्शन्स परत १००.

बदल केल्यावर किमान एक संपूर्ण गर्दीचा फेरा बघितल्याशिवाय ‘झालं’ म्हणू नका. पीजीबाउन्सरच्या अ‍ॅडमिन कन्सोलमध्ये ‘शो पूल्स’ चालवत राहा. ‘सीएल_वेटिंग’ म्हणजे किती जण रांगेत, ‘मॅक्सवेट’ म्हणजे सगळ्यात पुढचा किती सेकंद ताटकळलाय. रांग लागणं वाईट नाही. रांग हलत नसेल तर मात्र पाचव्या पायरीकडे परत.

पुढच्या बिलाच्या सकाळी मी सहा वाजल्यापासून ती स्क्रीन उघडून बसले होते. सीएल_वेटिंग ३१ वर गेलं, उतरलं, पुन्हा चढलं, साडेसातला शून्य. सात पन्नासला त्याच सचिवांचा फोन आला. प्रिंटरची रिबन संपली होती.